निनावी पत्रक: 1969 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक

भारताच्या राष्ट्रपतिपदाची सर्वांत अटीतटीची निवडणूक 16 ऑगस्ट 1969 रोजी झाली. वराहगिरी वेंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात अखेरीस 14,650 मतमूल्याचे अंतर राहिले. पहिल्या पसंतीच्या मतांवर निकाल लागला नाही आणि दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी न्यावी लागली, असे त्यापूर्वी झाले नव्हते आणि त्यानंतरही झालेले नाही. तिसऱ्या क्रमांकावर महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख होते. त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजल्यावरच राष्ट्रपती कोण हे ठरले. याच निवडणुकीत मतदानाच्या तोंडावर एका उमेदवाराच्या खासगी चारित्र्यावर चिखल उडवणारे निनावी पत्रक मतदारांच्या हाती पडले. त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पदावर असलेले राष्ट्रपती साक्ष देण्यासाठी स्वतः न्यायालयात आले.

राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे 3 मे 1969 रोजी पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेस पक्ष त्या वेळी आतून दुभंगत चालला होता. 1967 च्या निवडणुकीत लोकसभेतले बहुमत घटले होते आणि अनेक राज्ये हातची गेली होती. पंतप्रधान इंदिरा गांधी आणि संघटनेवर पकड असलेले ज्येष्ठ नेते यांच्यातली ओढाताण उघड होऊ लागली होती. या ज्येष्ठांच्या गटाला ‘सिंडिकेट’ म्हणत. पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा, के. कामराज, अतुल्य घोष, संजीव रेड्डी आणि मुंबईचे स. का. पाटील ही त्यातली ठळक नावे. पाटलांचा मुंबई काँग्रेसवर वर्षानुवर्षे एकछत्री अंमल होता. 1967 मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांना पाडले; 1969 मध्ये गुजरातच्या बनासकांठा मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत परतले होते.

जुलैमध्ये बंगळूरला अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले. 12 जुलै रोजी पक्षाच्या संसदीय मंडळात राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराचा प्रश्न मताला गेला. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले होते, सिंडिकेटने लोकसभेचे अध्यक्ष संजीव रेड्डी यांचे. रेड्डींच्या बाजूने चार मते पडली: मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण. विरुद्ध बाजूला इंदिरा गांधी आणि फक्रुद्दीन अली अहमद हे दोघेच. चारातले चव्हाण आणि पाटील हे महाराष्ट्राचे नेते, आणि मोरारजी हे जुन्या मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री. पंतप्रधानांचा आपल्याच पक्षाच्या मंडळात पराभव झाला होता, आणि त्या पराभवात गृहमंत्री चव्हाणांचे मत निर्णायक होते. ते दुसऱ्या बाजूला गेले असते, तर तीन-तीन अशी बरोबरी झाली असती.

पुढच्या आठ दिवसांत घटना फार वेगाने घडल्या. गिरींनी अपक्ष म्हणून उभे राहण्याचे जाहीर केले. 16 जुलै रोजी पंतप्रधानांनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले आणि मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर पडले. 19 जुलै रोजी 14 मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. त्यावर हंगामी राष्ट्रपती या नात्याने गिरींची सही होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडले. उपराष्ट्रपतीही नाही आणि राष्ट्रपतीही नाही, अशा स्थितीत सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी हंगामी राष्ट्रपतिपदाची सूत्रे घेतली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हिदायतुल्ला 20 जुलै ते 24 ऑगस्ट या काळात राष्ट्रपतिभवनात होते. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीला आले, तेव्हा त्यांचे स्वागतही हिदायतुल्लांनीच केले.

बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने निवडणुकीचे रूप बदलून टाकले. गिरी आणि रेड्डी या दोन व्यक्तींमधली निवड मागे पडली. गरिबांची बाजू कोणाची आणि धनिकांची कोणाची, हा प्रश्न पुढे आला. गिरी जुने कामगारनेते होते, रेल्वे कामगारांच्या चळवळीतून वर आलेले. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रमुक आणि आणखी काही पक्ष त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कम्युनिस्टांच्या मतांवर निवडून आलेला राष्ट्रपती त्यांचाच मिंधा राहील, असा विरोधकांचा प्रचार होता. गिरींच्या बाजूचे लोक रेड्डींना सिंडिकेटचे बाहुले म्हणत. रेड्डी निवडून आले तर पंतप्रधानांना घालवण्यासाठी राष्ट्रपतिपदाचा वापर होईल, ही भीती काँग्रेस खासदारांच्या मनात पद्धतशीरपणे रुजवली गेली. इथपर्यंतचा प्रचार कडवट होता, तरी त्याचा रोख राजकारणावरच होता.

चिंतामणराव देशमुखांची उमेदवारी या गदारोळात वेगळी उठून दिसते. रायगडाच्या परिसरातल्या नाते गावी 1896 मध्ये त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिज, आय.सी.एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ब्रेटन वूड्‌स परिषदेतले भारताचे प्रतिनिधी, 1950 पासून केंद्रीय अर्थमंत्री, त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास होता. ‘मेघदूत’ मराठीत आणणारा हा अर्थमंत्री. 1969 मध्ये भारतीय जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी त्यांना पाठिंबा दिला. याच देशमुखांच्या कारकिर्दीत इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते. तरीही प्रचाराच्या खडाजंगीत ते ‘उजव्यां’चे उमेदवार ठरले. पाठिंबा देणाऱ्या पक्षावरून उमेदवाराला एकच शिक्का मारायचा आणि त्याचे आयुष्यभराचे काम त्या शिक्क्याखाली झाकायचे, ही प्रचाराची रीत तेव्हाही चालू होती.

मराठी वाचकाला इथे आणखी एक धागा दिसतो. 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून आणि मुंबईतल्या गोळीबारांवरून देशमुखांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. गोळीबार झाले तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी होते, आणि मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये म्हणून सर्वांत ताठर भूमिका घेणाऱ्यांत स. का. पाटील होते. तेरा वर्षांनी हीच माणसे पुन्हा एका डावात आली. या खेपेला देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोरारजी आणि पाटील यांच्या उमेदवाराकडे वळणार होती.

रेड्डींच्या बाजूने तो हिशेब आधीच मांडला गेला होता. काँग्रेसची मते फुटणार असे दिसताच निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली. पहिली पसंती देशमुखांना द्याच, पण दुसरी रेड्डींना द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. पसंतीक्रमाच्या पद्धतीत असे मागणे गैर नाही. पण इंदिरा गांधींच्या गोटाला त्यातून प्रचाराचे सर्वांत धारदार हत्यार सापडले. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी पक्षाध्यक्षांना पत्र लिहून या बोलण्यांचा खुलासा मागितला. जातीयवादी आणि भांडवलदारधार्जिण्या पक्षांशी सिंडिकेटने आतून हातमिळवणी केली आहे आणि पंतप्रधानांना हटवणे हा तिचा खरा हेतू आहे, असा आरोप खासदारांमध्ये पसरला. त्याचे खंडन करण्यात निजलिंगप्पांचे शेवटचे, मोलाचे दिवस खर्ची पडले. आरोप खरा ठरण्याची गरज नव्हती. मतदानापर्यंत तो चर्चेत राहिला, एवढ्याने काम भागले.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून खुद्द इंदिरा गांधींची सही होती. तरीही रेड्डींना मत द्या, असा आदेश पक्षाच्या खासदारांना काढण्यास त्यांनी नकार दिला. मतदान तोंडावर आले असता प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे आवाहन त्यांच्या बाजूने झाले. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हे शब्द त्या आठवड्यात देशभर गाजले. ज्या उमेदवाराच्या अर्जावर आपण सही केली, त्याच्याविरुद्ध मत देण्याची मुभा पंतप्रधानांनी पक्षाला दिली होती. भारतीय राजकारणात पक्षाच्या अधिकृत उमेदवाराचा इतका उघड त्याग पूर्वी झालेला नव्हता.

निनावी पत्रक याच आठवड्यात फिरले. ते काही मतदारांना टपालाने गेले आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही वाटले गेले, अशी तक्रार पुढे न्यायालयात झाली. सेंट्रल हॉल म्हणजे दोन्ही सभागृहांच्या मधला घुमटाखालचा विस्तीर्ण दिवाणखाना. तिथे आजी-माजी खासदार आणि परवाना असलेले पत्रकार यांनाच प्रवेश असे. अधिवेशन चालू असताना चहा-कॉफीचे कप, कोचांवरचे घोळके, पक्षभेद विसरून चाललेल्या गप्पा, असे तिथले नेहमीचे वातावरण. बाहेरचा माणूस तिथे पत्रके घेऊन शिरू शकत नव्हता. म्हणून या ठिकाणच्या वाटपाचा आरोप फार गंभीर होता: खासदारांनी खासदारांना ते कागद दिले, असा त्याचा अर्थ होत होता.

पत्रकात रेड्डींच्या धोरणाबद्दल, त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या कारभाराबद्दल किंवा सिंडिकेटशी असलेल्या नात्याबद्दल काही नव्हते. स्त्रियांच्या संदर्भात त्यांच्या खासगी वर्तनावर किळसवाणे आरोप होते. खाली कोणाची सही नव्हती. रेड्डींच्या कारभाराबद्दल बोलण्यासारखे नव्हते असे नाही. कर्नूलच्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे प्रतिकूल शेरे आल्यावर 1964 मध्ये त्यांनी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्रिपद सोडले होते. तो सार्वजनिक विषय होता आणि त्यावर उघड वाद घालता आला असता. पत्रक लिहिणाऱ्याने तो सोडून दिला, कारण उघड वादाला उत्तर मिळते.

महाराष्ट्राला जहरी प्रचार नवा नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून मोरारजींवर आणि स. का. पाटलांवर जे आसूड ओढले, त्यांतले कित्येक आज कोणी छापणार नाही. पण ते अत्र्यांच्या नावाने, अत्र्यांच्या पत्रात छापले जात. ज्याला उत्तर द्यायचे त्याला माणूस समोर दिसत होता आणि ज्याला खटला भरायचा त्याला पत्ता माहीत होता. अत्रे 13 जून 1969 रोजी वारले, या निवडणुकीच्या दोन महिने आधी. दिल्लीतल्या पत्रकाचा प्रकार मुळातच निराळा होता आणि तो अधिक वाईट म्हणावा लागतो. ज्याच्यावर घाव घालायचा त्याला समोर शत्रूच दिसत नाही, आणि खुलासा करावा तर त्या खुलाशानेच आरोप चार जणांऐवजी चारशे जणांपर्यंत जातो.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत असे पत्रक एवढे उपयोगी का पडते, हे तिच्या रचनेवरून समजते. राष्ट्रपती थेट जनतेच्या मताने निवडला जात नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य त्याला निवडतात. 1969 मध्ये असे मतदार चार हजारांच्या आसपास होते. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. 1961 च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 3 कोटी 95 लाख होती आणि विधानसभेत 270 जागा होत्या, म्हणून इथल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य 146 आले. खासदाराच्या मताचे मूल्य 576 होते. आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर राहणाऱ्या माणसाचा आवाज त्या निवडणुकीत कळमनुरी भागाच्या आमदाराच्या त्या 146 मध्ये आणि परभणीच्या खासदाराच्या 576 मध्ये मावलेला होता. हिंगोली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो परभणीतून वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. फाट्यावरच्या माणसाला ते पत्रक दिसण्याचे कारण नव्हते आणि त्याने काय वाटून घ्यावे याची लिहिणाऱ्याला फिकीरही नव्हती. शे-दोनशे प्रती योग्य हातांत पडल्या की पुरे होते.

अमेरिकेत 1884 साली ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या खासगी आयुष्यावरून असाच गहजब झाला होता. तिथे आरोप वर्तमानपत्रांत छापून आले, उमेदवाराने जाहीरपणे कबुली दिली, लाखो मतदारांनी महिनोन्‌महिने त्याची चर्चा केली आणि क्लीव्हलंड अगदी थोडक्या फरकाने निवडून आले. दिल्लीत त्याला ना वेळ होता, ना व्यासपीठ. उमेदवाराने सभा घेऊन उत्तर द्यायचे तर श्रोते देशभर सतरा-अठरा राजधान्यांत विखुरलेले होते.

मतदान 16 ऑगस्टला झाले. खासदारांनी मुख्यतः दिल्लीत आणि आमदारांनी आपापल्या राज्यांच्या राजधानीत गुप्त मतदान केले. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. रिंगणात एकूण 15 उमेदवार होते. त्यांत महाराष्ट्राचे आणखी एक नाव होते, दलित नेते आणि 1952 मध्ये सोलापुरातून लोकसभेवर गेलेले पां. ना. राजभोज. त्यांना 831 मतमूल्य मिळाले.

20 ऑगस्टला मोजणी झाली. वैध मतांचे एकूण मूल्य 8,36,337 भरले, म्हणजे विजयासाठी 4,18,169 हवे होते. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मिळाले. गिरी पुढे होते, पण मर्यादेला 16,654 कमी पडत होते. मग तळाच्या उमेदवारापासून एकेकाला बाद करत त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटण्यास सुरुवात झाली. छोटे उमेदवार झटपट निकालात निघाले. शेवटी देशमुखांचा गठ्ठा उघडला गेला. त्यातला बहुतांश, ठरल्याप्रमाणे, रेड्डींकडे गेला. सगळ्या फेऱ्या मिळून रेड्डींच्या खात्यात 91,879 ची भर पडली आणि गिरींच्या खात्यात केवळ 18,562 ची. तेवढी त्यांना पुरली. अंतिम आकडे गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427 असे आले. मर्यादेपेक्षा गिरींना 1,908 जास्त मिळाले होते, म्हणजे चार खासदारांच्या मतांहूनही कमी. 10,833 मूल्याच्या मतपत्रिकांवर पुढची पसंतीच लिहिलेली नव्हती, त्या बाजूला पडल्या. त्या सगळ्या रेड्डींना मिळाल्या असत्या, तरीही ते मागेच राहिले असते.

या आकड्यांवरून पत्रकाचे वजन काढण्याचा मोह होतो. शेवटच्या फेरीत गिरींचे 13 खासदार रेड्डींकडे गेले असते, तर निकाल उलटला असता. महाराष्ट्राच्या आमदारांच्या हिशेबात ते 51 होतात. चार हजारांतल्या तेरांचे मन एका घाणेरड्या कागदाने फिरणे अशक्य नव्हते. पण ते फिरले असे गुप्त मतदानात दाखवता येत नाही. काँग्रेसमधली फूट, बँकांचा निर्णय आणि पंतप्रधानांचे वजन ही कारणे पत्रकापेक्षा कितीतरी मोठी होती.

24 ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली. त्यांच्या निवडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल झाले. अर्जदारांत शिवकृपाल सिंह, एन. श्रीराम रेड्डी आणि अब्दुल गनी दर ही नावे होती. पत्रकाचा मुद्दा त्यांच्या तक्रारीत अग्रभागी होता. पंतप्रधान आणि मंत्र्यांनी पदाचा दबाव आणला, असाही आरोप होता. न्या. एस. एम. सिक्री, जे. एम. शेलत, व्ही. भार्गव, जी. के. मित्तर आणि सी. ए. वैद्यलिंगम यांच्यासमोर सुनावणी झाली. एरवी सर्वोच्च न्यायालय साक्षीपुराव्यांनी तयार झालेले खटले अपिलात ऐकते. इथे सर्वोच्च न्यायालयच पहिले न्यायालय होते आणि खासदार एकामागून एक साक्षीला येत होते. कोणी पत्रक हॉलमध्ये मिळाल्याचे सांगे, कोणी तसे काही दिसलेच नाही म्हणे. एका साक्षीदाराचे बोलणे खोडून काढण्यासाठी टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेले संभाषण अर्जदारांनी पुढे आणले. ते पुरावा म्हणून चालेल, असा निर्णय न्यायालयाने दिला. ध्वनिमुद्रणाच्या पुराव्याबाबत तो पुढे अनेक खटल्यांत आधाराला घेतला गेला.

राष्ट्रपती गिरींची साक्ष त्यांच्या निवासस्थानी आयोग पाठवून घेता आली असती. त्यांनी स्वतः न्यायालयात येणे पसंत केले. पदावरचा राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयात साक्षीला हजर राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. आपल्या निवडीबद्दलच्या प्रश्नांना त्यांनी तिथे उत्तरे दिली. निवडणुकीवर उडालेला चिखल पाहता त्यांचे हे वागणे पदाची शान राखणारे होते.

न्यायालयापुढची खरी अडचण कायद्याची होती. लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुकांना 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा लागू आहे. त्याच्या कलम 123(4) नुसार उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी प्रतिस्पर्ध्याच्या खासगी चारित्र्याबद्दल खोटे विधान जाणूनबुजून प्रसिद्ध केले, तर तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. कलम 127अ नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. हिंगोली किंवा नांदेडच्या छापखान्यात निघालेल्या साध्या प्रचारपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेली ओळ याच कलमामुळे असते. देशाच्या सर्वोच्च पदाच्या निवडणुकीला मात्र 1952 चा वेगळा कायदा लागू होता. त्यात निवड रद्द करण्याजोगे निवडणूक गुन्हे म्हणून दोनच गोष्टी होत्या: लाच आणि गैरवाजवी दबाव. बाकीची कारणे अर्जांची छाननी आणि नियमपालन यांबद्दलची होती. चारित्र्यहननाचा त्यात उल्लेखच नव्हता. एखाद्या खेड्यातून आमदारकीला उभे राहणाऱ्याला जे संरक्षण होते, ते राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला नव्हते.

म्हणून अर्जदारांनी पत्रकाला ‘गैरवाजवी दबाव’ या सदरात बसवले. गैरवाजवी दबाव म्हणजे मतदाराच्या हक्काच्या मुक्त वापरात ढवळाढवळ, अशी दंडसंहितेतली व्याख्या होती. खोटे विधान प्रसिद्ध करणे हा दंडसंहितेत वेगळा आणि सौम्य गुन्हा आहे, तेव्हा तो दबावात मोडत नाही, असा प्रतिवाद झाला. न्या. भार्गव यांना तो पटला. बहुमताने मात्र तो अमान्य केला. उमेदवाराची इतकी बीभत्स बदनामी झाली की मतदाराला मोकळ्या मनाने निवड करणेच अवघड व्हावे, तर ती दबावाच्या व्याख्येत येऊ शकते, असा त्यांचा अर्थ होता. मंत्र्याने एखाद्या उमेदवाराचा प्रचार करणे हाच काही दबाव नव्हे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

तत्त्व मान्य झाले, पण पुरावा तोकडा पडला. पत्रक गिरींच्या संगनमताने निघाले किंवा वाटले गेले, हे सिद्ध झाले नाही. निकालावर त्याचा ठळक परिणाम झाला, हेही दाखवता आले नाही. 1970 मध्ये अर्ज फेटाळले गेले. पत्रक कोणी लिहिले, ते बाहेर आले नाही. निनावी चिखलफेकीचा डाव नेमका इथे साधतो: लाभ एका बाजूला होतो आणि जबाबदारी कोणाच्याच पदरात पडत नाही.

काँग्रेसची फूट यानंतर थांबली नाही. 12 नोव्हेंबर 1969 रोजी निजलिंगप्पांनी इंदिरा गांधींना पक्षातून काढले. डिसेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या गटाचे अधिवेशन मुंबईत भरले. संसदीय मंडळात रेड्डींना मत देणारे यशवंतराव चव्हाण या वेळी इंदिरा गांधींबरोबर राहिले. मोरारजी आणि स. का. पाटील निजलिंगप्पांच्या बाजूच्या संघटना काँग्रेसमध्ये गेले. चिंतामणराव देशमुख राजकारणापासून दूरच राहिले. 1975 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 2 ऑक्टोबर 1982 रोजी ते वारले. रेड्डी काही वर्षे शेतीवाडीत रमले. 1977 मध्ये जनता पक्षाच्या राज्यात राष्ट्रपतिपदासाठी 37 अर्ज आले, त्यांतले 36 बाद झाले आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्या चारित्र्यावर चिखल उडवला गेला, त्यांच्याविरुद्ध या वेळी मतपत्रिकाच छापावी लागली नाही.

संसदेने 1974 मध्ये राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा कायदा दुरुस्त केला. उमेदवारीसाठी दहा सूचक आणि दहा अनुमोदक, तसेच 2,500 रुपये अनामत आवश्यक झाली. 1997 मध्ये ही संख्या पन्नास-पन्नास आणि अनामत 15,000 रुपये झाली. हौशी उमेदवारांना आणि ऊठसूट होणाऱ्या अर्जांना त्यामुळे आळा बसला. निवड रद्द करण्याची कारणे मात्र मुळात तीच राहिली, आणि उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दलच्या खोट्या प्रचाराचे स्वतंत्र कलम कायद्यात आले नाही. 2007 मध्ये जळगावच्या प्रतिभा पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याशी संबंधित सहकारी संस्थांच्या कारभारावरून विरोधकांनी मोठी मोहीम उघडली. ते आरोप पक्षांच्या नावाने, उघड आणि सार्वजनिक कारभाराबद्दल होते आणि त्यांना तितक्याच उघडपणे उत्तरे दिली गेली. विरोधी आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून पाटील यांना पाठिंबा दिला. त्यांना 6,38,116 आणि भैरोंसिंह शेखावत यांना 3,31,306 मतमूल्य मिळाले. दुसऱ्या पसंतीच्या मोजणीची वेळ आली नाही.